हिंवाळ्यांतला गिलावा

घराच्या इतिहासांत पायाला, भिंतीला आणि छपराला मान मिळतो. भिंतीच्या अंगावर चढणाऱ्या गिलाव्याची आठवण मात्र तो गळून पडेपर्यंत कोणाला होत नाहीं. अष्टागरांतील नागांव या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. अलिबाग आणि रेवदंडा यांच्या मधल्या या समुद्रकांठच्या गांवीं शके १२८९ चा, म्हणजे इ. स. १३६७ चा, हंबीररावाच्या काळचा शिलालेख सांपडला. शेजारच्या आक्षीचा लेख शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा, मानला जातो. दगडावर कोरलेलीं सत्ताधीशांचीं नांवें अशीं शतकें ओलांडून आलीं. परंतु येथील घरांच्या भिंती ज्यांनीं लिंपल्या त्या गवंड्यांचीं नांवें कोणी कोरून ठेवलीं नाहींत. मागें राहिली ती त्यांची रीत, आणि त्या रीतीचा अर्धा भाग म्हणजे ऋतूची पारख.

हा किनारा काळ्या पाषाणाचा आणि जांभ्याचा. चुनखडीचे डोंगर येथें नाहींत. ती उणीव समुद्रानें भरून काढली. कालवें आणि तिसऱ्या यांचे शिंपले म्हणजे जवळजवळ शुद्ध चुनखडीच होय. ते भट्टींत भाजले कीं त्यांतील कर्बद्विप्राणिद वायु निघून जातो आणि शंभर भागांचे छप्पन्न भाग उरतात. तोच कळीचा चुना. त्यावर पाणी घातलें कीं तो फसफसतो, वाफाळतो, फुटतो आणि विरतो. मग त्यांत गोड्या पाण्याच्या नदीची वाळू मिसळून तो घाणींत मळावयाचा. दारची समुद्राची वाळू फुकट मिळत असली, तरी तिच्यांतील खार पुढें भिंतीला बाधतो. मिश्रणांत गुळाचें पाणी आणि हिरड्याचा काढा घालण्याची रीतही देशांत अनेक ठिकाणीं होती. चुना जितका मुरेल तितका चांगला, हें ज्ञान कांहीं एकट्या आपल्याकडचें नव्हे. तीन वर्षांहून कमी मुरलेला चुना ठेकेदारानें वापरूं नये असा जुना निर्बंध रोमन लोकांत होता, असें प्लिनीनें लिहून ठेवलें आहे.

गिलावा भिंतीवर चढला म्हणजे काम संपलें असें नव्हे. खरें काम तेथूनच सुरू होतें. भट्टींत गमावलेला वायु चुना आतां हवेंतून परत घेऊं लागतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. ही देवघेव होण्यास थोडा ओलावा लागतो. भिंत कोरडी ठणठणीत झाली तर ती थांबते, आणि पाण्यानें निथळत असली तरीही थांबते. काम आठवड्यांचें नसून महिन्यांचें आहे.

थंडीचा प्रश्न येतो तो येथें. युरोपांतील गवंडी थंडीला भितो. ओल्या गिलाव्यांतील पाणी गोठलें कीं तें सुमारें नऊ टक्के फुगतें आणि आंतून थर फोडून टाकतें. म्हणून तिकडे कडाक्याची थंडी पडण्याच्या पुष्कळ आधीं बाहेरचा गिलावा आटोपावा लागतो, नाहींतर वसंतापर्यंत हात आंवरावा लागतो. नागांवांत हें सारें गणित उलटें होतें. येथें पाणी गोठण्याचें भय नाहीं. येथील शत्रु दोन. पहिला पावसाळा: चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि तोही समुद्रावरच्या वाऱ्यानें आडवा मारलेला. दुसरा चैत्र-वैशाखाचा उन्हाळा. तो गिलाव्यांतील ओल एका दुपारींत शोषून घेतो आणि भिंतीवर भेगांचें जाळें उमटवतो. या दोहोंच्या मध्यें दिवाळीपासून होळीपर्यंतचे जे महिने उरतात, त्यांत ऊन सौम्य असतें आणि पहांटेचें दंव भिंतीला बेताची ओल देतें. जी थंडी तिकडे गिलाव्याचा काळ, तीच येथें त्याची दाई ठरते.

म्हणूनच स्वतःचें घर स्वतः उभें करणाऱ्या गृहस्थाला येथें फार मोठा मोह आंवरावा लागे. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलें, आतां फक्त गिलावा राहिला, आणि वैशाख तर दारांत आलेला. अशा वेळीं परांची बांधून घाईनें काम उरकावें, कीं नारळीच्या झावळ्यांचे झाप लावून उघड्या भिंतीवरून एक पावसाळा जाऊं द्यावा? दुसरी वाट अधिक शहाणपणाची. पावसाळ्यांत भिंत आपल्या वजनानें बसते, पुढें वाऱ्यानें सुकते, आणि मग थंडींत पहिला हात, तो आवळल्यावर दुसरा, असा थरावर थर चढतो.

चुन्याची मर्यादा या किनाऱ्यावरील बांधकाम करणारांना पुरी ठाऊक होती. रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट १५२१ च्या सुमारास सुरू झाला आणि १७४० मध्यें मराठ्यांकडे आला. तेथील ओसाड इमारतींतून चुन्याचें काम आजही पाहावयास मिळतें. परंतु शिवछत्रपतींनीं १६८० मध्यें आरंभिलेल्या आणि संभाजीमहाराजांच्या काळीं पूर्ण झालेल्या कुलाबा किल्ल्याच्या तटांत मोठे चिरे चुन्याशिवायच एकमेकांवर बसविलेले आहेत. लाटेचें पाणी फटींत शिरतें आणि तिचा जोर तेथेंच मोडतो. जेथें समुद्राशीं सामना, तेथें चुना वगळला. जेथें माणसांनीं राहावयाचें, तेथें तो लावला.

ही समज ढिली झाली ती सिमेंटमुळें. जोसेफ ॲस्पडिन यानें पोर्टलंड सिमेंटचें पेटंट १८२४ मध्यें घेतलें. हिंदुस्थानांत मद्रासेस १९०४ मध्यें एक प्रयत्न झाला, १९१४ मध्यें पोरबंदरास कारखाना चालूं लागला, आणि १९३६ मध्यें अनेक कंपन्या एकत्र होऊन धंद्याला मोठें रूप आलें. सिमेंट हवेची वाट पाहत नाहीं; पाण्याशीं गांठ पडतांच कांहीं तासांत घट्ट होतें. चुन्याच्या भट्ट्या आणि घाण्या एकामागून एक थंडावल्या. नव्या, पक्क्या घरांना सिमेंट मानवलेंही. पण जुन्या, चुन्यांत बांधलेल्या मऊ भिंतीवर तोच कठीण थर चढविला कीं निराळेंच घडतें. बारीक भेगांतून पाणी आंत जातें, परंतु बाहेर पडूं शकत नाहीं. भिंतींतला खार थरामागें साचतो, त्याचे स्फटिक फुगतात आणि गिलावा फळ्याच्या फळ्या सुटून खालीं येतो. चुन्याचा गिलावा भिंतीसाठीं स्वतः झिजत असे. हा भिंतीलाच झिजवतो.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें. छपरें उडालीं, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि पाठोपाठ पावसाळा आला. अशा वेळीं छप्पर थांबूं शकत नाहीं; डोक्यावर तें त्याच आठवड्यांत हवें. गिलाव्याला मात्र थांबतां येतें, आणि भिंतीच्या हितासाठीं त्यानें थांबावें. सिमेंट झालें तरी त्याला निदान आठवडाभर पाणी मारून ओलें ठेवावें लागतें. भर पावसांत तें धुऊन जातें आणि वैशाखांत करपतें. साहित्य बदललें, पण ऋतु बदलले नाहींत. जुनें घर ज्याच्या हातीं आलें आहे, त्यानें बाहेरच्या भिंतीला हात घालण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या: भिंत कशांत बांधली आहे, आणि दिवाळी किती दूर आहे.