वीस पिस्तुले आणि त्यांची काडतुसे

हदगावच्या आमच्या वाड्यात ठासणीची एक बंदूक होती. शोरा, गंधक, कोळशाची दारू आणि शिशाची गोळी. आजोबांच्या काळी हे सारे गावातच जुळे. म्हणून जॅक्सनवधाची हकीकत वाचताना मी अडलो तो काडतुसांशी.

१९०९ च्या आरंभी चतुर्भुज अमीनने सावरकरांनी लंडनहून दिलेली २० ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला आणली, सोबत काडतुसेही. ती आणणे भागच होते. ब्राउनिंग स्वयंचलित, बाराच्या जोरावरच रिकामे टरफल बाहेर पडते आणि पुढचे काडतूस चढते. दारू कमी पडली की पिस्तूल अडते. तसली बिनधुराची दारू घरी होण्याजोगी नव्हती, आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने बाजारही बंद होता.

औरंगाबादेत शिकलेल्या अनंत कान्हेरेने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात झाडलेल्या गोळ्या अशा परदेशी होत्या. घरी न बनणारी वस्तू दुरून आणावी लागते, आणि दुरून आलेली वस्तू माग ठेवते. अमीन माफीचा साक्षीदार झाला; मार्च १९१० मध्ये सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली. १९ एप्रिलला ठाण्यात कान्हेरे, कर्वे, देशपांडे फासावर गेले. आपण पिस्तुले मोजतो. त्या मागाची किंमत मोजत नाही.