सुरीवाल्याचा पोरगा चित्रं बघतो

चित्र बघायला डोळे लागतात. पण चित्रावर बोलायला काय लागतं? अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये यावरून चांगलीच जुंपली होती. राजाची चित्रकला अकादमी लूव्रच्या राजवाड्यातल्या एका दालनात आपल्या सभासदांची चित्रं मांडायची. १७५१ पासून दर दोन वर्षांनी, ऑगस्टच्या शेवटी. आत जायला फुकट. सरदार, वकील, दुकानदार, मोलकरणी, सगळे एकाच रेटारेटीत. १७४७ साली ला फाँ द सेन-येन नावाच्या माणसानं पुस्तिका छापून सांगितलं, की भिंतीवर मांडलेलं चित्र छापलेल्या पुस्तकासारखं आहे, बघणाऱ्या कुणालाही मत द्यायचा हक्क आहे. चित्रकार खवळले. ज्यानं आयुष्यात ब्रश धरला नाही तो आम्हाला शिकवणार? मित्रांनो, ही भाषा आपण ऐकलेली आहे.

याच गर्दीत १७५९ साली देनी दिदरो शिरला. जन्म १७१३ चा, लांग्र गावचा. बाप चाकू-सुऱ्या आणि डॉक्टरांची हत्यारं बनवणारा कारागीर. पोरगा लेखक झाला, लिखाणापायी १७४९ साली व्हँसेनच्या किल्ल्यात तीन महिन्यांवर कैद भोगून आला आणि आधीच हातात घेतलेलं त्या प्रसिद्ध ज्ञानकोशाचं काम त्यानं पुढं रेटलं. मजकुराचे १७ खंड, चित्रांचे ११, काम १७७२ पर्यंत चाललं. त्यात देवधर्म, राजकारण आहेच, पण कारागिरांचे धंदेही आहेत. मोजे विणायच्या यंत्रावरचा लेख दिदरोनं स्वतः लिहिला. मी साचेखात्यातला माणूस. नव्या बदलीला साच्याचा एकेक भाग नावानिशी समजावताना काय घाम फुटतो ते मला विचारा. दिदरोनं ते कागदावर केलं.

चित्रातलं त्यालाही सुरुवातीला फारसं कळत नव्हतं. तो चित्रकारांच्या कामाच्या जागी जाऊन बसला, विचारत राहिला. त्याचा खरा मास्तर शार्दँ, सुताराचा मुलगा. हा माणूस भांडी, पाव, कांदे, पोट फाडून टांगलेला मासा असलं रंगवायचा. अकादमीत चित्रांचीही उतरंड होती. वर देव, राजे, लढाया, तळाला भांडीकुंडी. ही उतरंड दिदरोनं पुरती मोडली असं म्हणणं खोटं होईल, त्याच्याही डोक्यात ती होतीच. पण १७६३ साली त्या माशासमोर उभा राहून तो लिहितो, की वस्तू किळसवाणी आहे, पण हे मासाचं खरं मांस आहे, कातडी आहे, रक्त आहे. जवळ जावं तर नुसते रंगाचे थर, मागं सरकावं तर सगळं पुन्हा जागेवर.

१७६५ च्या लेखात त्यानं शार्दँचं म्हणणंच मांडलंय. शार्दँ टीकाकारांना सांगतो, जरा हळू घ्या. सात-आठ वर्षांच्या पोराच्या हातात आम्ही पेन्सिल देतो, डोळे, नाकं, हात, पाय काढता काढता त्याची वर्षं जातात, आणि ज्यांना जमत नाही ते फौजेत किंवा नाटकात जातात. आपल्यातल्या तडकाफडकी झोडपणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) हे एकदा ऐकून ठेवावं.

बूशे राजाचा लाडका, १७६५ साली राजाचा पहिला चित्रकार झाला. त्याच्या गुलाबी बायका आणि धुतलेली मेंढरं दिदरोला सहन होत नसत. अकादमीच्या शिकवण्यावर तर तो तुटून पडला. पैसे देऊन फळीवर उभा केलेला माणूस दोर ओढायचं सोंग करतो. तुमच्या अंगणातल्या विहिरीवर पाणी ओढणाऱ्याशी त्याचा काय संबंध? जा, तो माणूस बघा.

पण हाच दिदरो ग्रूझपुढं विरघळला. १७६१ चं खेड्यातल्या लग्नाचं चित्र: म्हातारा बाप, हुंडा, रडणारी बहीण. दिदरोच्या डोळ्यांत पाणी. मला वाटतं, इथं तो फसला. ग्रूझचा गरीब सदा सद्गुणी, सदा गहिवरलेला. श्रीमंतानं बघून बरं वाटून घरी जावं असा. शार्दँचं पातेलं तसं काही मागत नाही. पुढं १७६९ मध्ये ग्रूझनं रोमन बादशहाचं चित्र काढून वरची पायरी मागितली. अकादमीनं त्याला खालच्याच पायरीवर घेतलं आणि चित्र दिदरोलाही आवडलं नाही.

आणि हे सगळं छापलं कुठं? कुठंच नाही. ग्रिम नावाच्या त्याच्या मित्राचं हातानं नकललेलं पत्र होतं, सेन्सॉर टाळायला. आपण स्टेन्सिल कापतो, त्यांनी कारकून बसवले होते. पण आपलं पान चाळीत फिरतं, त्यांचं दरबारात. वाचणारे मूठभर, जर्मन राजेरजवाडे, रशियाची कॅथरीन. ज्या बाईनं १७६५ साली दिदरोची पुस्तकं विकत घेऊन त्याच्याकडेच ठेवली आणि वर त्याला पगार लावला, तीच ही. लूव्रच्या रेटारेटीतल्या मोलकरणीला, पाणी ओढणाऱ्याला त्यातली एक ओळ मिळाली नाही. दिदरो १७८४ साली वारला. १७६५ चं लिखाण छापून बाहेर आलं १७९५ मध्ये. तोवर राजाचं मुंडकं उडालं होतं आणि त्याची अकादमीही मोडली होती.