उसाच्या फडावरील बाप आणि मुले
विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला, आणि पुढे कारखाने वाढत गेले तसतसे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याच्या दुष्काळी भागातील, विशेषतः पाथर्डी तालुक्यातील, अनेक कुटुंबांचे वर्ष गाव आणि फड यांत विभागले गेले. बाप ऊसतोडीची टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून ‘उचल’, म्हणजे हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम, घेई आणि नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जात असल्याने मजुरीचा करारच मुळी संसाराच्या मापाने होई. टोळीत बहुधा भाऊ, मेहुणे, साडू असत. शाळकरी मुले जमल्यास आजी-आजोबांपाशी गावी ठेवली जात, एरवी ती पाचटाच्या ‘कोपी’त, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, आईबापांबरोबर राहत. बाप ऊस तोडी, आई मोळ्या बांधी, थोरला मुलगा धाकट्याला सांभाळी किंवा ‘वाढे’, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करून बैलांपुढे टाकी. भरलेली गाडी घेऊन बाप कारखान्यावर गेला की वजनकाट्याच्या रांगेत त्याची रात्र जाई, त्यामुळे मुलांशी त्याचे बोलणे होई ते बव्हंशी कामाच्या ओघातच. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा पुढे निघाल्या खऱ्या, पण फड संपताच तळ हलवणाऱ्या टोळ्यांतील मुलांना त्यांचा लाभ बेताचाच झाला.