दिशा पिंकी शेख : टाळीमागचा इतिहास आणि आपली जबाबदारी

दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरची दीक्षाभूमी माणसांनी भरून जाते. नागपूरच्या दीक्षेनंतर बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी इथे, त्या वेळच्या चांद्यात, धम्मदीक्षा दिली. त्या आठवणीसाठी राजुरा, ब्रह्मपुरी, अहेरी, सिरोंचा अशा दूरदूरच्या गावांतून लोक येतात. पुस्तके विकत घेतात, भोजनदानाच्या रांगेत उभे राहतात, भीमगीते ऐकतात. अशा गर्दीत कुठेतरी टाळी वाजते. आपण काय करतो? कुणी दहाची नोट काढतो, कुणी नजर चुकवतो, टवाळ पोरे हसतात. सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला हे खटकायला हवे होते. खरे सांगायचे तर आम्हालाही ते बरीच वर्षे खटकले नाही. दिशाताईंचे लिखाण वाचल्यावर खटकू लागले.

दिशा पिंकी शेख. राहणार श्रीरामपूर, जिल्हा अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. तृतीयपंथी कार्यकर्त्या, कवयित्री. 'कुरूप' हा त्यांचा कवितासंग्रह. पण महाराष्ट्रातल्या तरुणांना त्या आधी भेटल्या त्या फेसबुकवर. संपादकाच्या दारात उभे न राहता, कुणाची शिफारस न घेता एक हिजडा बाई मराठीत लिहिते, जातीवर बोलते, धर्मावर बोलते, मंगती मागून जगण्यावर बोलते आणि टिंगल करायला आलेल्यांना तिथल्या तिथे उत्तर देते, हे आपल्यासाठी नवे होते. तोवर तृतीयपंथीयांविषयी दुसरेच कुणी लिहीत असे. कुणी दयेने लिहिले, कुणी चवीने. दिशाताई स्वतःविषयी स्वतः लिहू लागल्या. दलित साहित्याने आपल्याला जे शिकवले, तेच हे. भोगणाऱ्याने बोलायचे आणि बाकीच्यांनी आधी ऐकून घ्यायचे.

त्यांचे नावही नीट वाचा. हिजडा परंपरेत रक्ताच्या घराने बाहेर काढलेल्याला गुरूचे घर मिळते आणि चेला गुरूचे नाव लावतो. आडनाव ऐकून जात-धर्म हुडकणाऱ्या समाजाला हे नाव गोंधळात टाकते. गोंधळ त्या समाजाचा आहे, नावाचा नाही.

२०१९ साली वंचित बहुजन आघाडीने दिशाताईंना प्रदेश प्रवक्त्या केले. टाळी वाजवणारे हात आता पत्रकार परिषदेत माइक धरू लागले आणि पक्षाची भूमिका मांडू लागले. अनेकांनी याला 'प्रयोग' म्हटले, 'स्टंट' म्हटले. आम्हाला ते तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण इतिहासात आहे.

१८७१ साली इंग्रजांनी जो कायदा केला, तो आपण 'गुन्हेगार जमाती कायदा' म्हणून ओळखतो. पारधी, कैकाडी, भामटा अशा भटक्या-विमुक्तांच्या कपाळावर पुढे त्याच कायद्याने जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला. पण त्या कायद्याचे पूर्ण नाव आपल्या सभांमध्ये क्वचितच सांगितले जाते. तो गुन्हेगार जमाती 'आणि हिजडे' यांच्या नोंदणीचा कायदा होता. त्याचा दुसरा भाग सबंध हिजड्यांवर होता. संशयितांची पोलिसांकडे नोंद करायची. नोंद झालेली व्यक्ती बाईचे कपडे किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसली, नाचली, गायली तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. तिने मूल दत्तक घ्यायचे नाही, मृत्युपत्र करायचे नाही. म्हणजे पोटही भरायचे नाही आणि मागे वारसही ठेवायचा नाही. हा भाग आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या नव्या कायद्यातून गळला.

पण गोष्ट तिथे संपली नाही, आणि आता ती आपल्या जिल्ह्याकडे येते. १९१९ साली निजामाच्या हैदराबाद संस्थानाने त्याच धर्तीचा हिजडा कायदा केला. आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातला राजुरा, कोरपना, जिवतीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. भाषावार प्रांतरचनेनंतर तो आधी नांदेडला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्याला जोडला गेला. मुलूख सुटला, कायदा मात्र तेलंगणात पुस्तकात राहिला. तो घटनाबाह्य ठरवून रद्द करायला तेलंगणा उच्च न्यायालयाला २०२३ साल उजाडले. संविधान लागू होऊन ७३ वर्षे झाल्यावर!

विमुक्तांना १९५२ साली त्या शिक्क्यातून कायद्याने मोकळे केले. ३१ ऑगस्टला आपण विमुक्त दिन पाळतो. त्या दिवशीच्या भाषणात हिजड्यांचा उल्लेख कितीदा येतो? एकाच कायद्याने चिरडलेल्या दोन समूहांपैकी एकाला आपण आपले मानले आणि दुसऱ्याला रस्त्यावर सोडून दिले. म्हणून दिशाताईंचे प्रवक्तेपद आम्हाला उपकार वाटत नाही. ते राहून गेलेले काम आहे.

"बाबासाहेबांनी यावर कुठे काय म्हटले आहे?" असे विचारणारे आपल्यातही आहेत. त्यांनी १९३४ सालचा खटला आठवावा. 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या रघुनाथ धोंडो कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरे हा गुन्हा ठरवला होता आणि त्या प्रश्नांमध्ये समलिंगी संबंधांचाही विषय होता. सनातनी पुण्या-मुंबईत कर्व्यांच्या बाजूने उभे राहायला माणसे कमी होती. बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते अश्लील होत नाही, ही त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण जो विषय उच्चारायलाही लोक घाबरत होते, त्यासाठी बाबासाहेब कोर्टात लढले. आपण मात्र आज त्याच विषयावर विनोद फॉरवर्ड करतो.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' खटल्याच्या निकालात तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला. त्यानंतर दोन वाटा दिसू लागल्या. एक वाट आखाड्याची. २०१५ साली किन्नर आखाडा निघाला, लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्याच्या आचार्य महामंडलेश्वर झाल्या, कुंभमेळ्यात मिरवणूक निघाली, लोक पाया पडले. ज्यांना समाजाने फक्त शिव्या दिल्या, त्यांना नमस्कार हवासा वाटला, तर त्यांना आम्ही दोष देणार नाही. पण ज्या धर्मव्यवस्थेने माणसांची उतरंड रचली, तिच्यात एक जादा पायरी मिळवून उतरंड मोडत नाही. पूज्य ठरवलेल्या माणसाला नोकरी द्यावी लागत नाही, घर भाड्याने द्यावे लागत नाही. नुसता आशीर्वाद घेतला की काम भागते. देवदासी आणि जोगत्यांच्या बाबतीत हे आपण पाहिले आहे.

दुसरी वाट संविधानाची. दिशाताई या वाटेवर आहेत. रावेरमधून २०२४ ची विधानसभा वंचितच्या उमेदवार म्हणून लढलेल्या शमिभा पाटील आहेत. २०१८ साली नागपूरच्या लोकअदालतीत पॅनेलवर बसलेल्या विद्या कांबळे आहेत. तमिळनाडूत इंजिनिअरिंगपर्यंत पोहोचलेल्या दलित तृतीयपंथी कार्यकर्त्या ग्रेस बानू आहेत. या वाटेवर कुणी पाया पडत नाही. इथे अर्ज करावे लागतात, कोर्टात जावे लागते, निवडणुकीत हरावे लागते.

या वाटेवरचा खरा अडसर आरक्षणाचा आहे, आणि तो आपल्या लोकांनी नीट समजून घेतला पाहिजे. नालसा निकालाने तृतीयपंथीयांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्यायला सांगितले. पण सगळ्यांना एकाच मागास गटात टाकले, तर बौद्ध घरात जन्मलेल्या किंवा गडचिरोलीच्या गोंड, माडिया घरात जन्मलेल्या तृतीयपंथी मुलीचे काय? तिने जात निवडायची की लिंग? उपाय आपल्या ओळखीचा आहे, समांतर आरक्षण. महाराष्ट्रात महिलांना ३० टक्के जागा प्रत्येक प्रवर्गाच्या आत मिळतात. तसेच अनुसूचित जातीच्या तृतीयपंथीयांना त्या प्रवर्गात, जमातीच्यांना जमातीत, खुल्यांना खुल्यात जागा द्यायच्या. कर्नाटकाने २०२१ साली असे १ टक्का समांतर आरक्षण दिले. महाराष्ट्राने दिलेले नाही.

उलट इथे साध्या अर्जासाठी भांडावे लागले. पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी रकानाच नव्हता. आर्या पुजारी आणि निकिता मुख्यदल लढल्या. प्रशासकीय न्यायाधिकरणाने रकाना द्यायला सांगितले, तर त्याविरुद्ध सरकारच उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने खडसावल्यावर रकाना आला. गडचिरोलीत पोलीस भरती म्हणजे काय, हे पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या पोरापोरींना विचारा. ज्या जिल्ह्यात दुसरी नोकरीच नाही, तिथे अर्जातला एक रकाना म्हणजे आख्खे आयुष्य असते.

२०१९ च्या तृतीयपंथी हक्क संरक्षण कायद्यानेही माप वेगळेच लावले. स्त्रीवर बलात्कार झाला तर किमान दहा वर्षे शिक्षा. या कायद्यात तृतीयपंथीयावरच्या लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त दोन वर्षे. गुन्हा तोच, पण देह कुणाचा यावर शिक्षा ठरते. हे मनुस्मृतीचे माप आहे. तिथे वर्ण पाहून दंड ठरत होता, इथे लिंग पाहून ठरतो.

मग आपण काय करायचे? दिशाताईंचा फोटो स्टेटसला ठेवून चळवळ होत नाही. ओळखपत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने मिळते. सिरोंच्याच्या माणसाला गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर पडते. अर्ज ऑनलाइन असला तरी तो भरून द्यायला, अडला तर पाठपुरावा करायला आपला कार्यकर्ता सोबत हवा. विमुक्त दिनाच्या सभेत १८७१ च्या कायद्याचे पूर्ण नाव घेतले जावे. समांतर आरक्षणाचा ठराव प्रत्येक तालुक्याच्या बैठकीत व्हावा. आणि आपल्याच घरातले मूल वेगळे निघाले, तर त्याला दाराबाहेर काढू नये. हे शेवटचे सगळ्यात अवघड आहे, कारण त्यासाठी सरकारशी नाही, स्वतःशी भांडावे लागते.

येत्या १६ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर टाळी वाजेल, तेव्हा खिशात हात घालण्याआधी नाव विचारा. शेजारी बसायला जागा द्या. व्यासपीठावर बोलायला बोलवा. ज्या भूमीवर बाबासाहेबांनी आपल्याला माणूस केले, तिथे कुणालाही माणुसकी भीक म्हणून मागावी लागू नये.

जयभीम!