तापी ते नर्मदा

सातपुडा हा मोठा हट्टी डोंगर आहे. पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत तो आडवा पसरला आहे आणि दक्षिणेतून हिंदुस्थानात जाऊ पाहणाऱ्याला तो सहजासहजी वाट देत नाही. मात्र बऱ्हाणपुरापाशी त्याने थोडी माघार घेतली आहे. तापीचे खोरे आणि नर्मदेचे खोरे यांच्यामध्ये तेथे एक खिंड आहे. फौजा त्या खिंडीतून गेल्या, लमाणांचे तांडे गेले, बादशहांच्या स्वाऱ्या गेल्या आणि पुढे इंग्रजांनी आगगाडी नेली तीही तेथूनच. भूगोलाने एकदा रस्ता ठरवून दिला की इतिहासाला तो बदलता येत नाही.

या रस्त्याने एकदा जावे अशी इच्छा मनात फार दिवस होती. इंदूरला माझा कॉलेजातला एक मित्र आहे. त्याचे घर होळकरांच्या चाकरीत सात पिढ्यांपूर्वी नगरकडून तिकडे गेलेले. राजवाड्यामागच्या गल्लीतला त्याचा जुना वाडा आता विकला जाणार होता आणि "पाडण्यापूर्वी एकदा दोघं येऊन जा" असे त्याने कळवले होते. तेव्हा गेल्या मार्गशीर्षात मी आणि सौ. मोटार घेऊन निघालो. सौ. तीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. प्रवासात नकाशा तिच्या मांडीवर असतो आणि वादात शेवटचा शब्दही बहुधा तिचाच असतो.

नगर, संभाजीनगर करीत फर्दापूरचा घाट उतरलो की खानदेश लागतो. कपाशी संपते, केळी सुरू होतात आणि जळगाव जिल्ह्यातले रावेर मागे टाकले की थोड्याच वेळात मध्य प्रदेशाची सीमा येते. हे रावेर आणि पहिल्या बाजीरावाचे रावेर यांचा घोटाळा अनेक जण करतात. बाजीराव गेला ते रावेरखेडी नर्मदेच्या काठी आहे. तापी ओलांडून, खिंड चढून, निमाड पार करून तेथे जावे लागते.

बऱ्हाणपूर आज जिल्ह्याचे गाव आहे. 2003 साली खंडव्यातून तो जिल्हा वेगळा निघाला. फारुकी सुलतानांनी वसवलेले हे शहर मोगलांच्या काळी दक्षिणेची राजधानीच होते म्हणा ना. मुमताजमहल 1631 च्या जूनमध्ये येथेच बाळंतपणात वारली. आग्र्याला नेण्यापूर्वी काही महिने तिचा देह तापीच्या पलीकडच्या बागेत विसावला होता. पुरंदरच्या तहात शिवछत्रपतींकडून तेवीस किल्ले घेणारा मिर्झाराजा जयसिंह 1667 साली दक्षिणेतून परत जाताना याच गावी मरण पावला. संभाजी महाराजांनी 1681 च्या आरंभी हे शहर लुटले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगजेब येथे येऊन दाखल झाला. उत्तरेस तो पुन्हा कधीच गेला नाही. जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. तो पाहून सौ. बराच वेळ उभी राहिली. मग आम्ही बाजारात जाऊन तिथली नामांकित मावा जिलबी खाल्ली, कारण बादशहांचे मरण ऐकूनही माणसाला भूक लागायची ती लागतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी असीरगड चढलो. खाली मलयगड, त्याच्यावर कमरगड आणि माथ्यावर असीर अशी तीन थरांची ही रचना आहे. अकबराला हा किल्ला 1601 च्या जानेवारीत मिळाला, तोही दीर्घ वेढ्यानंतर. माथ्यावर दोन मिनारांची मशीद आहे, इंग्रजांच्या थडग्यांचे अवशेष आहेत आणि एक शिवमंदिर आहे. त्या मंदिरात अश्वत्थामा अजून फूल वाहून जातो अशी लोकांची श्रद्धा. कपाळावरची जखम घेऊन मरण नसलेला माणूस भटकतो आहे, या कल्पनेला ही जागा शोभते खरी.

मला मात्र तेथे आठवण झाली ती दुसऱ्या बाजीरावाची. किल्ल्यावरून जो मुलूख दिसतो त्याच मुलखात मराठी राज्याचा शेवटचा पेशवा इंग्रजांच्या स्वाधीन झाला. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्यात पुणे गेले. 1818 च्या पहिल्या दिवशी कोरेगाव, फेब्रुवारीत आष्टी. आष्टीला बापू गोखले पडले आणि सातारचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. त्यानंतर पेशवा नुसता धावत होता. वऱ्हाड, नागपूरची हद्द, पुन्हा पश्चिमेकडे, अशी ती धाव या असीरगडापाशी संपली. धूळकोटला त्याचा तळ पडला होता. सर जॉन माल्कमशी बोलणी झाली आणि 3 जून 1818 रोजी तो माल्कमच्या छावणीत गेला. पेशवाईवरचा हक्क सोडायचा, दक्षिणेत पुन्हा पाऊल ठेवायचे नाही आणि वर्षाला आठ लाख रुपये घ्यायचे, हा ठराव. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला तो फार उदार वाटला. असीरगड मात्र त्यानंतर दहा महिने इंग्रजांच्या हाती लागला नाही. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांनी त्याचा आश्रय घेतला होता. किल्ला पडला तो 9 एप्रिल 1819 ला.

"आठ लाख," सौ. तटावर बसून म्हणाली, "आणि तो गेला कधी?"

"28 जानेवारी 1851. ब्रह्मावर्ताला."

"म्हणजे साडेबत्तीस वर्षं. अडीच कोटींच्या वर झाले. तुमच्या थोरल्या बाजीरावावर किती कर्ज होतं म्हणालात?"

मी आकडा सांगितला नव्हता. पण थोरला बाजीराव कर्जाने गांजला होता, ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतून ते दुःख त्याने उघड केले आहे, एवढे मी तिला वाटेत बोललो होतो. सावकार दारात बसलेले असताना तो मुलूख जिंकीत होता. त्याचा नातू मुलूख देऊन टाकून कर्जमुक्त झाला. कारण हा दुसरा बाजीराव त्या पहिल्याचा सख्खा नातू. थोरल्या बाजीरावाचा मुलगा राघोबादादा आणि राघोबादादाचा मुलगा हा.

असीरगडाहून खंडवा, तेथून सनावद आणि तेथून आडवाटेने रावेरखेडी. एका दिवसात मोटारीने सहज होते. त्या दोन ठिकाणांमध्ये मराठ्यांच्या इतिहासाची अठ्ठ्याहत्तर वर्षे आहेत.

1740 च्या आरंभी बाजीरावाने गोदावरीकाठी नासिरजंगाला तह करायला लावले. मुंगीपैठणच्या त्या तहात हंडिया आणि खरगोण हे नर्मदेकाठचे दोन प्रांत पेशव्यांना मिळाले आणि त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी बाजीराव निमाडात आला. चैत्र-वैशाखातले निमाड म्हणजे तापलेला तवा. तेथे त्याला ज्वर आला आणि 28 एप्रिल 1740 रोजी तो गेला. चाळिशी पुरी झाली नव्हती. पेशवाईची वस्त्रे मिळून वीस वर्षे आणि अकरा दिवस झाले होते. पालखेडला निजाम कोंडला होता, भोपाळला पुन्हा कोंडला होता, दिल्लीच्या वेशीपर्यंत घोडी नेली होती. सगळे आयुष्य घोड्यावर गेले आणि मरण आले तेही राहुटीत.

समाधी तटबंदीसारख्या दगडी आवारात आहे आणि समोर नर्मदा वाहते. आम्ही पोचलो तेव्हा तेथे पाचसहा मराठी मंडळी होती, कुठल्याशा गावाहून बस करून आलेली. त्यांनी घोषणा दिल्या, फुले वाहिली, छायाचित्रे घेतली. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते. त्यांच्याजवळ उभ्या असलेल्या तरुणाने मला म्हटले, "काका, केवढा आजोबा आणि कसला नातू!"

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. परतीच्या वाटेवर सौ. म्हणाली, "मला ते पटत नाही. गणितात दोन उत्तरांची तुलना करायची तर आधी दोन्ही उदाहरणं सारखी हवीत."

तिचे म्हणणे विचार करण्याजोगे होते. आजोबा वडिलांबरोबर विशीच्या आत दिल्ली पाहून आला होता. बाळाजी विश्वनाथाच्या तळावर त्याचे शिक्षण झाले. नातू 1775 च्या जानेवारीत धारच्या किल्ल्यात जन्मला, तोही बाप परागंदा असताना. पुढे कोपरगाव, आनंदवल्ली, जुन्नर अशा ठिकाणी आईबरोबर आणि भावाबरोबर नजरकैदेत वाढला. नाना फडणविसांच्या पहाऱ्यातून तो एकविसाव्या वर्षी सुटला तो थेट पेशव्यांच्या गादीवर. फौज कशी चालते हे पाहण्याऐवजी माणसे कशी फितवावी हे तो शिकला, यात नवल काय? त्याचा भ्याडपणा, त्याचा कपटीपणा हे सर्व खरे आहे आणि त्याचे माप त्याच्या पदरात घातलेच पाहिजे. परंतु माणसाचा स्वभाव एवढ्यावर राज्य बुडत नाही.

राज्य ज्या मांडणीवर उभे होते ती मांडणी आजोबांचीच होती, हेही विसरून चालत नाही. बाजीरावाने शिंदे, होळकर, पवार ही नवी माणसे हाताशी धरली आणि 1732 च्या सुमारास माळव्याची वाटणी त्यांच्यात करून दिली. सरदाराने आपला प्रांत सांभाळायचा, त्याच्या वसुलीतून आपली फौज पोसायची आणि हाक आली की धावून यायचे. पुण्याचा खजिना रिकामा असताना एवढ्या मोठ्या मुलखावर घोडदळ ठेवण्याचा दुसरा मार्ग त्याला दिसला नसावा. त्या मार्गानेच मराठे अटकेपर्यंत गेले. पण ज्याच्या हातून पगार त्याच्याशी शिपायाचे इमान. पेशवा स्वतः रिकिबीत पाय घालून पुढे असेतो ही व्यवस्था चालली. तो पुण्यात बसू लागला तसे सरदार राजे झाले. 25 ऑक्टोबर 1802 ला हडपसरला यशवंतराव होळकराने शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेचा धुव्वा उडवला, तेव्हा पेशवा पळाला आणि त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईला इंग्रजांची कवायती फौज त्याने अंगावर घेतली. धूळकोटचा रस्ता खरे पाहता तेथे सुरू झाला. आजोबाने लावलेल्या झाडाची फांदी नातवाच्या डोक्यावर पडली, असे मी म्हणालो. सौ. म्हणाली, "झाड आजोबांनी लावलं, पण साठ वर्षं छाटलं कुणीच नाही, हेही सांगा."

संध्याकाळी महेश्वरला पोचलो. अहिल्याबाईंच्या घाटावर बसल्यावर या सगळ्या हिशेबाला दुसरी बाजू आहे असे वाटले. सरंजामाने राज्य फोडले खरे, पण त्याच सरंजामातून हा घाटही उभा राहिला. नवरा 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात गेला, सासरा 1766 साली, मुलगा 1767 साली. आणि त्यानंतर अठ्ठावीस वर्षे या बाईने येथून कारभार केला. विणकर आणून वसवले, काशीविश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले. पुण्याच्या एकाच खजिन्यातून हे झाले असते का, याचे उत्तर सोपे नाही.

इंदूरला मित्राच्या वाड्यात दोन दिवस होतो. अर्ध्या खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. सकाळी पोह्यांवर शेव आणि जिरावण घालून वहिनींनी बशा पुढे ठेवल्या. मी रावेरखेडीचे वर्णन करू लागलो तसा मित्र ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "तुम्ही लोक येता, समाधीवर फुलं वाहता, डोळे पुसता आणि परत जाता. बाजीराव इथे एकटा आला होता का रे? त्याच्या मागून आलेली आम्ही माणसं. आमची चौकशी कुणी करत नाही."

त्याची मुले दक्षिणेत नोकरीला आहेत. वाडा विकून पुण्यात मुलीच्या शेजारी सदनिका घ्यावी असा त्यांचा आग्रह होता. सौ.ने विचारले, "मग भाऊजी, ठरलं का पुण्याचं?"

"वहिनी, पुण्यात मला लोक म्हणतील, तुमची मराठी हिंदीसारखी लागते. इथे दोनशे पावणेतीनशे वर्षं काढल्यावर अजून मराठे म्हणतात. आम्ही जायचं कुठे?"

त्यावर कोणी काही बोलले नाही. वहिनी रिकाम्या बशा उचलून आत गेल्या. दुपारी त्याने आम्हाला माजघरातली पेटी उघडून दाखवली. त्यात मोडी कागदांचे एक रुमाल होते. वसुलीचे हिशेब, देण्याघेण्याच्या याद्या, एका लग्नाच्या खर्चाचा ताळा. त्यात लढाई कुठेच नव्हती. किती माणसे जेवली, तूप किती लागले, कोणाला पागोटे दिले, असले सारे. सौ. त्या आकड्यांवरून बोट फिरवीत बसली. मोडी तिला येत नाही, आकडे मात्र कळतात. कागद ज्यांना वाचता येतील अशा संस्थेला द्यायचे, हे तेथेच नक्की झाले. वाड्याचे पुढे काय होईल ते होवो.

निघताना त्याने सांगितले, पुण्याच्या सदनिकेचे पैसे त्याने भरलेले नाहीत. इंदुरातच, जुन्या वस्तीपासून थोडे दूर, दोन खोल्यांची जागा पाहून ठेवली आहे. मुलांना अजून कळवलेले नाही.

वाचकांपैकी कोणाला या वाटेने जायचे असेल त्याने मार्गशीर्ष किंवा पौष निवडावा, एप्रिल मुळीच निवडू नये. तो महिना कसा असतो हे थोरल्या बाजीरावाला विचारावे. रावेरखेडीला अवश्य जावे, असीरगडही चुकवू नये. आणि खंडवा, महेश्वर, इंदूर, देवास, धार कुठेही एखाद्या दारावर मराठी नावाची पाटी दिसली, तर आत जाऊन दोन घटका बसावे. चहा मिळतोच. कागदांची पेटी असेल तर तीही कदाचित उघडली जाईल.