जपानी भयकथेची परंपरा आणि चाहत्याचे मत : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

लोकप्रिय साहित्याच्या इतिहासात लेखक, ग्रंथ आणि प्रकाशक यांची नोंद होते. त्या साहित्यावर मनापासून प्रेम करणाऱ्या चाहत्याची नोंद सहसा होत नाही. चाहत्याचे मत म्हणजे केवळ वैयक्तिक आवडनिवड, असे मानून अभ्यासक ते बाजूला ठेवतात. जपानी भयकथेच्या बाबतीत मात्र असे करणे इतिहासाच्या दृष्टीने योग्य ठरत नाही. कारण जपानमध्ये भयकथा ऐकणारा, वाचणारा वा पाहणारा हाच ती पुढे नेणारा घटक राहिला आहे.

आधुनिक काळात ही परंपरा प्रामुख्याने तीन रूपांत दिसते. पहिले रूप भयपटाचे. दुसरे लाइट नॉव्हेलचे, म्हणजे खिशात मावेल अशा आकाराच्या, चित्रांनी सजलेल्या व मुख्यत्वे तरुण वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबरीचे. तिसरे व्हिज्युअल नॉव्हेलचे, म्हणजे पडद्यावरील चित्र, संगीत व ध्वनी यांच्या साथीने वाचावयाच्या कादंबरीचे. या तिन्ही रूपांचा चाहता साधारणतः तीन मते मांडताना आढळतो. जपानी भयपट थोडे दाखवून अधिक घाबरवतो. त्याच्या अमेरिकी आवृत्तीत अस्सलपणा उरत नाही. आणि भयाचा सर्वांत खोल अनुभव पाहण्यात नसून वाचण्यात आहे. प्रस्तुत लेखात या तीन मतांची ऐतिहासिक पुराव्यांच्या आधारे तपासणी केली असून, चाहत्याकडे समाजाने वेळोवेळी संशयाने का पाहिले, या प्रश्नाचाही विचार केला आहे. त्यासाठी प्रकाशित ग्रंथ, चित्रपट व त्यांचा ज्ञात इतिहास यांचा आधार घेऊन वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

श्रोता हाच पुढचा कथक

एदो काळात (1603–1868) ‘ह्याकुमोनोगातारी काइदानकाई’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भयकथांच्या बैठका लोकप्रिय होत्या. रात्रीच्या वेळी शंभर वाती पेटवावयाच्या, जमलेल्यांपैकी प्रत्येकाने आळीपाळीने एक कथा सांगावयाची आणि कथा संपताच एक वात विझवावयाची, अशी ही रीत होती. शेवटची वात विझली की अंधारात खरोखरच काहीतरी प्रकटते, असा समज होता. या बैठकीत केवळ प्रेक्षक असा कोणीच नसे, ही बाब महत्त्वाची आहे. आता ऐकणारा थोड्याच वेळात सांगणारा होत असे.

हीच वृत्ती पुढे ग्रंथव्यवहारातही उतरली. आसाई र्‍योई यांचा ‘ओतोगिबोको’ हा संग्रह 1666 मध्ये, तर उएदा आकिनारी यांचा ‘उगेत्सु मोनोगातारी’ 1776 मध्ये प्रसिद्ध झाला. पुस्तके विकत घेणे सर्वांना शक्य नव्हते. परंतु घरोघरी पुस्तके भाड्याने पोहोचविणारे व्यावसायिक होते. 1808 च्या सुमारास एकट्या एदो शहरात अशी सुमारे 650 दुकाने होती. एक प्रत अनेक हातांतून फिरत असल्याने पुस्तकाची कीर्ती वाचकांच्या बोलण्यातून पसरत असे.

कथा सांगणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे आणि तेथून पुन्हा ग्रंथात जाण्याची ही प्रक्रिया मेइजी काळातही चालू राहिली. कथाकार सान्यूतेई एन्चो यांच्या ‘काइदान बोतान दोरो’ या सादरीकरणाचे लघुलेखन करून ते 1884 मध्ये छापण्यात आले आणि बोलभाषेला ग्रंथभाषेत स्थान मिळवून देण्यात त्याचा वाटा राहिला. लाफ्काडिओ हर्न यांच्या 1904 मधील ‘क्वाइदान’ या इंग्रजी ग्रंथामागेही त्यांच्या पत्नी सेत्सु यांनी सांगितलेल्या कथा होत्या. जपानी भयकथा पाश्चात्य वाचकांपर्यंत पोहोचली ती एका श्रोत्यामार्फत, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

पहिले मत : थोडे दाखवून अधिक घाबरविणे

हिदेओ नाकाता दिग्दर्शित ‘रिंगू’ हा चित्रपट 1998 मध्ये प्रदर्शित झाला. कोजी सुझुकी यांच्या 1991 च्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. एक शापित चित्रफीत पाहणारा सात दिवसांनी मरतो, असे त्याचे सूत्र आहे. चित्रपटात रक्तपात जवळजवळ नाही. पांढऱ्या वस्त्रातील, केसांनी चेहरा झाकलेली एक आकृती शेवटी दिसते. चाहत्याचे संयमाविषयीचे मत अशा चित्रपटांवरूनच बनले आहे.

या आकृतीचा वंश जुना आहे. पांढरे वस्त्र हे मृताला नेसवावयाचे वस्त्र होय. मोकळे केस त्सुरुया नानबोकू यांच्या 1825 मधील ‘तोकाइदो योत्सुया काइदान’ या काबुकी नाटकातील ओइवाची आठवण करून देतात. विषप्रयोगाने विद्रूप झालेली ही पत्नी केस विंचरू लागते आणि केसांचे पुंजके गळून पडतात, हा प्रसंग त्या नाटकात विशेष गाजला. विहिरीतून वर येणारी स्त्री ही ओकिकूच्या आख्यायिकेतून परिचित होती. होकुसाई यांनी 1831 च्या सुमारास ओइवा आणि ओकिकू या दोघींचीही चित्रे काढली होती. मात्र नानबोकूंचे नाटक संयमित नव्हते. त्यात क्रौर्य होते आणि चमत्कृतिपूर्ण रंगयुक्त्याही होत्या. म्हणजेच संयम हा जपानी भयकथेचा सनातन गुण नसून तिच्या अनेक शैलींपैकी एक आहे. चाहत्याचे पहिले मत ‘रिंगू’सारख्या चित्रपटांपुरते खरे आहे, संपूर्ण परंपरेला ते लागू करता येत नाही.

दुसरे मत : अस्सल आणि नक्कल

‘रिंगू’ची अमेरिकी आवृत्ती 2002 मध्ये आली. ताकाशी शिमिझु यांचा ‘जु-ऑन’ 2000 मध्ये थेट चित्रफितीच्या स्वरूपात बाहेर पडला. प्रेक्षकांच्या परस्परांतील शिफारशीमुळे त्याचा बोलबाला झाला आणि पुढे तो चित्रपटगृहांसाठी नव्याने करण्यात आला. 2004 मधील त्याची अमेरिकी आवृत्ती स्वतः शिमिझु यांनीच दिग्दर्शित केली आणि तिची कथा तोक्योमध्येच घडते. दिग्दर्शक तोच, स्थळ तेच. अशा वेळी अस्सल कोणते व नक्कल कोणती, हे ठरविणे सोपे राहत नाही.

किंबहुना ‘अस्सल जपानी’ ही कल्पनाच तपासून घ्यावी लागते. ‘ओतोगिबोको’मधील अनेक कथा चिनी संग्रहांतील कथांना जपानी वेष चढवून तयार झाल्या आहेत, एन्चो यांनी रंगविलेल्या ‘बोतान दोरो’चे मूळही तेथेच आहे. ‘उगेत्सु मोनोगातारी’मध्येही चिनी कथांचे ऋण स्पष्ट दिसते. रूपांतर हा या परंपरेचा दोष नसून तिच्या वाढीचा मार्ग होता. ‘रिंगू’च्या कथानकात शापातून सुटण्याचा उपाय म्हणजे त्या चित्रफितीची प्रत काढून ती दुसऱ्यास दाखविणे. शंभर वातींच्या बैठकीत आलटून पालटून कथा सांगण्याचा जो नियम होता, त्याचेच हे यंत्रयुगातील रूप मानता येईल. नक्कल करणाऱ्यास दोष देणारा चाहता ज्या चित्रपटावर प्रेम करतो, त्याचा विषयच नक्कल हा आहे.

तिसरे मत : वाचकाच्या हाती असलेले भय

तिसऱ्या मताला इतिहासाचा आधार अधिक भक्कम आहे. चुनसॉफ्ट या कंपनीने 1992 मध्ये ‘ओतोगिरीसो’ आणि 1994 मध्ये ‘कामाइताची नो योरु’ या ध्वनियुक्त कादंबऱ्या घरगुती खेळयंत्रावर आणल्या. पुढील मजकूर केव्हा उघडावयाचा, हे वाचकाच्या बोटावर अवलंबून असते. चित्रपटात डोळे मिटले तरी दृश्य पुढे सरकते. येथे मात्र वाचक स्वतः पुढे गेल्याशिवाय भयाचा क्षण येत नाही.

लाइट नॉव्हेलमध्ये वाचकाचा हा वाटा वेगळ्या प्रकारे दिसतो. या प्रकाराला नाव मिळाले तेच 1990 च्या सुमारास, वाचकांच्या आपसांतील चर्चेतून. कोउहेई कादोनो यांच्या 1998 मधील ‘बूगीपॉप’ मालिकेच्या पहिल्या कादंबरीत शाळकरी मुलींमध्ये पसरलेली मृत्युदेवतेची अफवा केंद्रस्थानी आहे. घटना निरनिराळ्या पात्रांच्या दृष्टीने, कालक्रम मोडून येतात आणि त्यांची जुळणी वाचकालाच करावी लागते. अफवेचे हे सामर्थ्य जपानने प्रत्यक्षही अनुभवले होते. 1979 मध्ये तोंड फाटलेल्या स्त्रीची, ‘कुचिसाके ओन्ना’ची, अफवा शाळकरी मुलांच्या तोंडून देशभर पसरली होती.

या प्रवृत्तीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे ‘हिगुराशी नो नाकु कोरो नी’. 1975 मध्ये सुरू झालेल्या, हौशी मंडळांच्या स्वप्रकाशित साहित्याच्या ‘कॉमिकेट’ या मेळाव्यात तिचा पहिला भाग 2002 मध्ये विक्रीस आला. र्‍युकिशी07 हे टोपणनाव घेणाऱ्या लेखकाने तिचे आठ भाग 2006 पर्यंत प्रसिद्ध केले. या व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये वाचकाला पर्याय निवडावयाचे नसतात. त्याने रहस्य ओळखावे, हीच अपेक्षा असते. एक भाग संपून दुसरा येईपर्यंत वाचक तर्क लढवीत आणि परस्परांचे तर्क खोडून काढीत. धरणविरोधी लढ्याची पार्श्वभूमी असलेल्या एका डोंगराळ खेड्यात 1983 च्या जून महिन्यात ही कथा घडते. तेथील शोकांतिकेच्या मुळाशी माणसांनी परस्परांवर घेतलेला संशय आहे आणि विश्वासातूनच तेथे सुटकेचा मार्ग निघतो.

चाहत्यावरील संशय

हाच संशय प्रत्यक्षात चाहत्याच्याही वाट्याला आला. 1983 मध्ये एका नियतकालिकातील लेखातून ‘ओताकू’ हा शब्द चाहत्यांसाठी हेटाळणीच्या अर्थाने रूढ होऊ लागला. 1989 मध्ये बालिकांच्या हत्यांप्रकरणी एका तरुणास अटक झाली, तेव्हा त्याच्या घरी सापडलेल्या हजारो चित्रफितींपैकी भयपट व व्यंगपट यांनाच वृत्तपत्रांनी ठळक प्रसिद्धी दिली आणि चाहता असणे हेच जणू गुन्ह्याचे लक्षण ठरले. सप्टेंबर 2007 मध्ये एका अल्पवयीन मुलीने कुऱ्हाडीने पित्याची हत्या केल्याची घटना घडली. त्यानंतर ‘हिगुराशी’वरील सचेतन मालिकेचे प्रक्षेपण काही दूरचित्रवाणी वाहिन्यांनी थांबविले.

गुन्ह्यांचे गांभीर्य निर्विवाद आहे आणि बळी पडलेल्यांच्या कुटुंबीयांच्या भावनांचा विचार करणे प्रसारमाध्यमांचे कर्तव्यही होते. तथापि एका व्यक्तीच्या कृत्यावरून संपूर्ण वाचकवर्गाविषयी निष्कर्ष काढणे इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. लोकप्रिय वाङ्मयाविषयी सत्तेला वाटणारी भीती जपानमध्ये नवी नव्हती. 1791 मध्ये सान्तो क्योदेन या लेखकास त्याच्या पुस्तकांबद्दल पन्नास दिवस हातकड्या घालून ठेवण्याची शिक्षा झाली होती. ती पुस्तके भयकथा नव्हती. ती लोकप्रिय होती आणि शासनाच्या नीतिकल्पनांत बसत नव्हती. पुढे संशयाचा रोख लेखकाकडून वाचकाकडे वळला, हाच काय तो फरक.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

1) संयमाविषयीचे चाहत्याचे मत अंशतः ग्राह्य आहे, ते एका कालखंडातील शैलीचे वर्णन आहे.

2) अस्सलपणाविषयीचे मत ग्राह्य धरता येत नाही, रूपांतर व पुनर्कथन यांवरच ही परंपरा वाढली आहे.

3) वाचनातील भयाविषयीचे मत सर्वाधिक ग्राह्य आहे, कारण त्यातून श्रोत्याच्या सहभागाचे जुने तत्त्व व्यक्त होते.

चाहत्याची मते चुकतात, परस्परविरोधी असतात आणि अनेकदा अतिरंजितही असतात. तथापि हीच गोष्ट दरबारी बखरी आणि प्रवासवर्णने यांच्याबाबतही खरी आहे. म्हणून इतिहासकार त्यांना टाकून देत नाही, पारखून घेतो. चाहत्याच्या मतालाही हाच न्याय लावावा लागेल. शंभर वातींच्या बैठकीत प्रत्येकाने काय सांगितले, हे आज कळण्यास मार्ग नाही. कारण त्यांतील बरेचसे टिपून ठेवले गेले नाही. आजच्या वाचकांचे बोलणे जतन करावयाचे की त्याकडे केवळ संशयाने पाहावयाचे, हा निर्णय मात्र अद्याप अभ्यासकांच्या हाती आहे.