बिल्ल्याची गोष्ट

देवळाबाहेर चपला ठेवल्या की हातात एक बिल्ला मिळतो. त्यावर आकडा असतो, नाव नसते. आपल्या लेखी त्या आकड्याला काही अर्थ नाही. स्टँडवाल्याला मात्र तेवढ्यावरून आपला जोड बरोबर सापडतो. ब्राउझरमधली ‘कुकी’ ही मुळात अशीच वस्तू.

१९९४ साली वेब फार विसराळू होते. पान मागितले की सर्व्हर ते देई आणि मागणाऱ्याला तिथल्या तिथे विसरून जाई. वाचायला हे ठीक. पण दुकान चालवायचे तर गिऱ्हाईक लक्षात राहायला हवे. नेटस्केपमधल्या लू माँटुली या विशीतल्या इंजिनिअरने हा प्रश्न सोडवला. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देऊन टाकणे हा सोपा उपाय होता. तो त्याने नाकारला, कारण त्या एका क्रमांकावरून माणूस कुठेकुठे फिरला हे साइट्सना आपसांत जुळवता आले असते. त्याऐवजी ज्याचा बिल्ला त्यानेच वाचायचा, अशी रचना त्याने केली. खासगीपणाचा विचार या लोकांना नंतर सुचतो असे आपण धरून चालतो. इथे तो आधीच झाला होता, म्हणून पुढचे जास्त खटकते.

ऑक्टोबर १९९४मध्ये नेटस्केपचा ब्राउझर लोकांच्या हाती आला. कुकी त्यात होती, चालू होती, आणि वापरणाऱ्याला कोणी काही सांगितले नव्हते. फेब्रुवारी १९९६मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’ने लिहिले तेव्हा कुठे चारचौघांत चर्चा सुरू झाली.

तोवर जाहिरातवाल्यांना वाट सापडली होती. पानावरचे एखादे चित्र भलत्याच सर्व्हरवरून येऊ शकते, आणि तो सर्व्हरही स्वतःचा बिल्ला देऊ शकतो. गावातल्या सगळ्या देवळांचे स्टँड एकाच ठेकेदाराने घेतले आणि सगळीकडे तुमचा एकच आकडा चालवला, तर सकाळी मारुती आणि संध्याकाळी विठोबा हे त्याला कळणारच. पुजाऱ्याने चुगली करायची गरजच नाही.

इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने हे ओळखले होते. डेव्हिड क्रिस्टल आणि माँटुली यांनी लिहिलेला नियम फेब्रुवारी १९९७मध्ये निघाला. असे परके बिल्ले ब्राउझरने आपणहून घेऊ नयेत, असा त्याचा रोख होता. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट, दोघांनीही ते मनावर घेतले नाही. कुकी बंद केली तर जाहिरातदार आणखी छुप्या वाटा शोधतील, निदान ही पुसता तरी येते, असा युक्तिवाद माँटुलीने पुढे मांडला. तो खोटा नाही. पण पुसायची सोय कुठे आहे हे किती जणांना ठाऊक होते?

लोक चिडले ते नाव आले तेव्हा. डबलक्लिक या जाहिरात कंपनीने १९९९मध्ये अ‍ॅबॅकस डायरेक्ट विकत घेतली. कॅटलॉगवरून खरेदी करणाऱ्यांची नावे-पत्ते अ‍ॅबॅकसकडे होते. ते बिल्ल्यांना जोडायचा बेत होता. एवढा गदारोळ झाला, की मार्च २०००मध्ये कंपनीने तो बाजूला ठेवला. ‘मला काय लपवायचंय?’ म्हणणाऱ्यांनाही आकड्याशेजारी आपले नाव नको होते, असे मला यातून दिसते. बिल्ले मात्र तसेच चालू राहिले, आणि २००८मध्ये डबलक्लिकच गूगलच्या मालकीची झाली.

परके बिल्ले बहुतांशी आपणहून अडवण्याचा शिरस्ता अ‍ॅपलच्या सफारीने २००३पासूनच ठेवला होता. म्हणजे ते अशक्य कधीच नव्हते. गूगलने जानेवारी २०२०मध्ये क्रोममधून ते दोन वर्षांत काढण्याचे जाहीर केले, मग मुदत वाढवत नेली, २०२४मध्ये बेत बदलला. त्याऐवजी वापरणाऱ्याला स्पष्ट विचारू, असे तेव्हा ठरले. एप्रिल २०२५मध्ये गूगलने सांगितले, की वेगळे विचारणार नाही; ज्याला बंद करायचे त्याने सेटिंग्जमध्ये जाऊन करावे.